आराखड्यातली आडवी रेघ

४ मार्च

प्रिय दादा,

आराखडा पोचला. काल दुपारी टपालाच्या गाडीवानाने ती लांबलचक नळकांडी खांद्यावरून बंदुकीसारखी उतरवली आणि मला लहान मुलासारखी घाई झाली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. एका कोपऱ्यावर इस्त्री, एकावर शाईची दौत, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर तुमच्या बहिणीचं आणि माझं कोपर. सुंदर आहे, दादा. उंच खिडक्या, पूर्वेला वेदी, घंटेसाठी छोटासा मनोरा. बिशपसाहेबांच्या इमारत समितीचे चिटणीस आमचे मेहुणेच आहेत म्हणून काम इतकं झटपट झालं, असं मी गावभर सांगत सुटलोय.

जुन्या चर्चचं छप्पर वादळात बसलं, त्याला आता दुसरं वर्ष. तेव्हापासून आमची उपासना धान्याच्या रिकाम्या कोठारात चालते. भिंतींच्या फटींतून वारा असा येतो की प्रार्थना म्हणताना माझेच दात वाजतात. बाकं नाहीत, पोती आहेत. त्यामुळे एक गंमत झाली. कुणी कुठे बसायचं याचा नियमच उरला नाही. जुन्या चर्चमध्ये कातडी कारखान्याच्या वस्तीतली माणसं दाराशी उभी राहायची. आता ज्याला जे पोतं सापडेल त्यावर तो बसतो. लाकडाच्या वखारीचे मालक एका रविवारी चुन्याच्या हौदावर काम करणाऱ्या माणसाशेजारी बसले आणि दोघं एकाच पुस्तकातून गायले. दोघंही बेसूर. मी मनात म्हटलं, वादळाने एवढं तरी बरं केलं.

वस्तीतली माणसं कामावरून सुटली की नदीतून पायाचे दगड वाहून आणतात. कुणी सांगितलेलं नाही. ढीग आता माझ्या उंचीचा झालाय.

म्हणून एक विचारतो. इमारतीच्या मागच्या भागात एक आडवी रेघ आहे आणि तिच्या पलीकडे, उत्तरेला, एक छोटं दार. माझ्या नजरेतून सुटलं होतं. तुमच्या बहिणीने बोट ठेवलं. "ही काय आहे?" मी म्हटलं, पायरी असेल. ती म्हणाली, "पायरीला दोन रेघा असतात." आणि चहा ठेवायला निघून गेली.

पायरीच आहे ना, दादा?

तुमचा,
दाजी


१६ मार्च

प्रिय दाजी,

तुमचं पत्र मिळालं. आराखडा पसंत पडला हे वाचून समाधान वाटलं. छोटीला माझे आशीर्वाद सांगा.

ती रेघ म्हणजे पायरी नव्हे. ती पुरुषभर उंचीची लाकडी आडभिंत आहे, वरच्या भागात जाळी. समितीच्या टिपणात तिचा उल्लेख "हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था" असा आहे. ते शब्द मीच सुचवले. वस्तीतली मंडळी हौदांवर काम करतात. त्यांच्या अंगाला चुन्याचा, कातडी कमावण्याच्या झाडसालीचा, ओल्या कातड्याचा दर्प असतो. त्यात त्यांचा दोष नाही. पण थंडीत खिडक्या लावल्यावर इतरांना त्रास होतो, हेही खोटं नाही. त्यांना त्यांचं दार, त्यांची बाकं. जाळीतून वेदी स्वच्छ दिसेल. येऊ नका असं कुणीही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट. छपराचं सगळं लाकूड वखारवाले देताहेत. त्यांनी समितीकडे शब्द टाकला आणि समितीने तो राखला. जगात इमारती अशाच उभ्या राहतात. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला हे रुचणार नाही. पण रुचलं नाही तरी पचवावं लागतं.

एक सल्ला, मेहुणा म्हणून. पाया भरून होईपर्यंत वस्तीत काही बोलू नका. दगड वाहण्याचं काम चांगलं चाललं आहे, ते चालू राहू द्या.

तुमचा,
दादा


२ एप्रिल

दादा,

"प्रिय" लिहायला घेतलं होतं, पण पेन उमटेना. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला वाचता येत नाही. दुसऱ्यांदा वाटलं, तुम्हाला लिहिता येत नाही. तिसऱ्यांदा कळलं की तुम्हाला फारच चांगलं लिहिता येतं, आणि तेच वाईट आहे. हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था! अहो, माणसांना गुरांसारखं कोंडायचं आणि त्याला असं नाव द्यायचं? त्यांनीच आणलेल्या दगडांवर त्यांनाच कोंडायची भिंत उभी करायची, आणि तोवर मी तोंड शिवून बसायचं?

मी तडक वखारीत गेलो. मालक ओंडक्यांवर खडूने खुणा करत होते.

"तुम्हाला आमच्या चर्चमध्ये भिंत हवी आहे म्हणे?"

"भिंत? छे हो, मी भिंतीचं नावही काढलं नाही. मी एवढंच म्हणालो की आमच्या घरच्या मंडळींचं रविवारी डोकं दुखतं."

"सोमवारी दुखत नाही?"

"सोमवारी त्या घरी असतात."

"तुमच्या घोडागाडीची गादी, घोड्याचा लगाम, पायातले बूट, सगळं त्या वस्तीतल्या हातांनी कमावलेलं आहे. तेव्हा कुणाचं डोकं दुखत नाही ते?"

ते शांतपणे खडू झटकत म्हणाले, "पाळकसाहेब, बूट पायात असतात. नाकाशी नसतात."

मी तिथून कसा बाहेर पडलो मला आठवत नाही. कुंपणाला धडकलो एवढं खरं, कारण कोपर अजून सुजलेलं आहे.

रविवारी उपासना संपल्यावर मी वस्तीतल्या लोकांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. रेघ, दार, जाळी, सगळं. मला वाटलं होतं, आता भडका उडेल. पण हौदांचे मुकादम उठले. वयस्कर माणूस, सगळी वस्ती त्यांचं ऐकते. म्हणाले, "साहेब, भिंतीला छप्पर असणार आहे ना?"

"असणार आहे. पण प्रश्न छपराचा नाही."

"तुमच्यासाठी नसेल. गेल्या थंडीत माझी नात याच कोठारात आजारी पडली, ती उठलीच नाही. तिला तुम्हीच माती दिलीत. भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, ते मला नका विचारू. वर छप्पर आहे का तेवढं सांगा."

मान खाली घालून घरी आलो. पण रस्त्यात राग उतरायच्या ऐवजी चढतच गेला, दादा. एका माणसाला छप्पर आणि मान यांतलं एकच काहीतरी निवडायला लावायचं, ही कसली समिती आणि कसली इमारत?

तुम्ही चिटणीस आहात. बिशपसाहेब तुमचं ऐकतात. एक शब्द टाका. वखारवाल्यांचा शब्द राखला जातो, तर तुमचा का नाही?

तुमचं पत्र तुमच्या बहिणीनेही वाचलं, घडी घालून परत माझ्यापुढे ठेवलं आणि अंगणात जाऊन धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला बसली.

दाजी


१८ एप्रिल

प्रिय दाजी,

तुमचं पत्र मी सौम्य शब्दांत समितीपुढे ठेवलं. मूळ शब्द ठेवले असते तर तुमचं नुकसान झालं असतं. चर्चा झाली. आराखडा आहे तसा मंजूर झाला. बिशपसाहेब १ जूनला स्वतः येऊन कोनशिला बसवतील. बरोबर मीही असेन.

मुकादम तुमच्यापेक्षा शहाणे दिसतात. ज्यांच्यासाठी तुम्ही भांडता आहात त्यांनाच भांडण नको आहे, याचा शांतपणे विचार करा. ते लोक वर्षानुवर्षं असेच राहत आले आहेत, त्यांना त्याची सवय आहे. आपल्यासारख्यांना ते बघून वाईट वाटतं, हा आपला चांगुलपणा. पण आपल्यासारख्यांनी त्यांच्या वतीने रागावणं हा एक प्रकारचा अहंकारही असू शकतो.

शेवटी एक आनंदाची बातमी. मोठ्या गावातल्या पाळकांची जागा रिकामी होते आहे. घर प्रशस्त आहे, मागे बाग आहे. मी तुमचं नाव सुचवलं आहे. कोनशिला झाली की तुम्ही दोघं तिकडे जाऊ शकाल. छोटीने कोठारात पुष्कळ हाल काढले.

तुमचा,
दादा


२७ एप्रिल

दादा,

मी छोटी. यांना माहीत आहे मी लिहितेय, पण काय लिहितेय ते माहीत नाही.

तुझ्या पत्रात "आपल्यासारखे" हा शब्द दोनदा आहे. मी त्याच्याखाली बोटाने रेघ ओढून बघितली. कोण रे हे आपल्यासारखे? तू आणि मी? आपले बाबा चुन्याच्या हौदात मांड्यांपर्यंत उभे राहायचे. त्यांच्या पायांची कातडी शेवटी त्या जनावरांच्या कातड्यासारखीच झाली होती. आई ओली कातडी ताणून खिळ्यांवर टांगायची. तू शाळेत पहिला आलास तेव्हा पाळकांनी तुला शहरात नेलं, आणि "वडील काय करतात" या प्रश्नाला "चामड्याचा व्यापार" असं उत्तर द्यायला शिकवलं. तू लहान होतास. मी तुला कधी दोष दिला नाही. पण आता तुझ्या दाढीत पांढरे केस आहेत, आणि तू अजून तेच उत्तर देतोयस.

तू पाळक झालास त्या दीक्षाविधीला आई आली होती. आठवतं? आदल्या आठवड्यापासून हात लिंबाने घासत होती. तू दारात आलास, तिला नमस्कार केलास आणि सगळ्यात मागे, खांबाआड नेऊन बसवलंस. म्हणालास, "आई, इथे बस, इथे हवा चांगली आहे." आई मला घरी येताना सांगत होती, "बघ, किती काळजी घेतो माझी." तिला खरंच तसं वाटलं, की मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती गेली, आता विचारताही येत नाही.

मी रागावलेय का? दादा, राग फार छोटा शब्द आहे. यांच्यावर रागावले तर चार भांडी आपटून माझा राग जातो. हा जात नाही. कारण तू आईलाच पुन्हा एकदा खांबाआड बसवतोयस, आणि या वेळी त्याचा आराखडा काढलायस.

मी वस्तीत गेले. तिथल्या सुईणबाईंच्या ओट्यावर बायका सुया घेऊन कातडं शिवत बसल्या होत्या. मी सरळ सांगून टाकलं की मी हौदावरल्या कामगाराची मुलगी आहे. सुईणबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "एवढंच ना? पहिल्या रविवारी तुम्ही माझ्या सुनेचं तान्हं घेतलंत, तिच्या पदराला तोच वास होता, आणि तुम्ही नाक नाही वळवलंत, उलट हुंगलंत. मी तेव्हाच म्हटलं, ही आपल्यातली." मग दुसरी म्हणाली, "आमच्या पुरुषांनी भिंतीला हो म्हटलंय ना, मग त्यांनीच बसावं भिंतीमागे." खूप हसलो आम्ही. आणि मग कुणीच हसत नव्हतं.

समितीपुढे मी तुझं बिंग फोडणार नाही. मी माझं सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही. तुझं तू बघ. मोठ्या गावातली बाग तुझ्यापाशीच ठेव.

छोटी


४ जून

दादा,

तुम्हाला ताप आल्याचं बिशपसाहेबांकडून कळलं. आता बरा असेल अशी आशा आहे. पंचवीस मैलांवरून ताप खरा की खोटा ते सांगता येत नाही, म्हणून मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

जे घडलं ते लिहितो. मैदानावर खुंट्या ठोकून, सुतळी बांधून पूर्ण इमारतीची आखणी केली होती. कोनशिला हारात गुंडाळून तयार होती. वखारवाले सहकुटुंब आले, बिशपसाहेबांची गाडी आली. बिशपसाहेब आखणीच्या आत शिरले आणि थांबले. आडव्या सुतळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वस्तीतल्या बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. अगदी मध्यभागी माझी बायको. मला शपथेवर विचारलंत तरी सांगेन, मला याचा पत्ताही नव्हता.

"या बायका इथे का उभ्या आहेत?" बिशपसाहेबांनी विचारलं.

सुईणबाई म्हणाल्या, "आम्ही भिंत आहोत, साहेब. तुमच्या आराखड्यात इथेच आहे ना? मग लाकूड कशाला वाया घालवायचं. दर रविवारी आम्हीच उभ्या राहू."

"कसली भिंत?"

त्यांना ठाऊक नव्हतं, दादा! त्यांनी सगळ्यांसमोर आराखडा मागवला, चष्मा लावला, रेघ शोधली. मला म्हणाले, "इथे तर हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आहे असं मला सांगितलं होतं." मग माझी बायको म्हणाली, "बरोबर आहे, साहेब. आम्हीच ती हवा."

बिशपसाहेब वखारवाल्यांकडे वळले. ते म्हणाले, भिंत नाही तर लाकूड नाही, आणि भर मैदानात आम्हाला लाज आणायला बोलावलंत काय. सहकुटुंब निघून गेले. आणि बिशपसाहेब? तुम्हाला वाटेल त्यांनी काहीतरी मोठं केलं असेल. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, "हा विषय समितीकडे परत जाईल," म्हणाले आणि कोनशिला न बसवता गाडीत बसले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे.

समितीकडे! म्हणजे तुमच्याकडे. ज्याने रेघ ओढली त्यालाच विचारायचं की रेघ कशी वाटते.

मुकादम माझ्याशी बोलत नाहीत. छप्पर गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं असं त्यांना वाटतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. तरीही सांगतो, त्या सुतळीवर उभ्या राहिलेल्या बायकांचे चेहरे तुम्ही बघायला हवे होते.

दाजी


२२ जून

प्रिय दाजी, आणि छोटी,

ताप खोटा होता.

समितीची बैठक काल झाली. बिशपसाहेबांनी विचारलं, हवेची ती शब्दरचना कुणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी विचारलं, भिंतीची खरोखर गरज आहे का? सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण असल्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी वाजणारं उत्तर देण्यात माझा हात कुणी धरत नाही. मी उठलो. उत्तर तयारही होतं. आणि तोंडातून निघालं ते असं, "माझे वडील चुन्याच्या हौदात काम करायचे. ही भिंत तेव्हा असती तर माझी आई तिच्यामागे बसली असती."

समितीचे खजिनदार उठले आणि त्यांनी माझ्यामागची खिडकी उघडली.

दाजी, इतकी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी जेवतो. परवापर्यंत माझ्या कोटाला त्याला कसलाही वास येत नव्हता. त्या एका वाक्यानंतर त्याला वास आला! तुमच्या पत्रांतला राग मी नीट घडी घालून बाजूला ठेवत आलो होतो. तो सगळाच्या सगळा त्या क्षणी माझ्या अंगावर आला. मी काय काय बोललो ते टिपणात नाही, कारण टिपण लिहिणारा मीच होतो आणि मी पेन टेबलावर आपटलं होतं. दौत लवंडली. शाई खजिनदारांच्या पँटवर गेली. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

बिशपसाहेबांनी रेघ स्वतःच्या हाताने खोडली आणि खाली सही केली. तो कागद सोबत पाठवतोय. लाकडाबद्दल मात्र त्यांनी हात वर केले. वखारवाल्यांना कोण दुखवणार? म्हणजे भिंत नाही आणि छप्परही नाही. बैठक उठली तेव्हा कुणी माझ्याबरोबर जिना उतरलं नाही.

चिटणीसपद मी सोडलं. मला पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे, बहुधा त्यांनाही मी नजरेआड हवा आहे. मी तिकडे येऊ का? छोटी, तू "ये" म्हणालीस तरच येईन.

दादा


१ जुलै

दादा,

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. शाईच्या जागी आले तेव्हा त्यांना हसू आवरेना, मलाही आवरलं नाही. आई आणि खांब यांबद्दल मी लिहिलं ते मी परत घेत नाही. ते तुझ्यामाझ्यात राहील. पण तू खिडकीबद्दल लिहिलंस ते वाचून माझा राग तुझ्यावरून उठला आणि त्या खजिनदारावर जाऊन बसला. तिथे तो सुखात आहे.

आता इकडचं. खोडलेल्या रेघेचा कागद हे मुकादमांच्या घरी घेऊन गेले. मुकादमांनी तो उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "सही खरी आहे?" हे म्हणाले, खरी. ते म्हणाले, "मग छप्पर कसलं घालायचं ते आम्ही बघतो." दुसऱ्या दिवशी कारखान्यातून काम सुटल्यावर माणसं आली, हातात कुदळी. पाया खणायला सुरुवात झाली. छप्पर कातड्याचं करायचं ठरतंय. वखारवाल्यांची लाकडं नकोत, नदीकाठची वाकडीतिकडी झाडं तोडून वासे काढायचे आणि वर तेल पाजलेली जाड कातडी शिवायची. थंडीपर्यंत एवढं होईल म्हणतात. वास येईलच. यायचाच. ज्याचं डोकं दुखेल त्याने बाहेर उभं राहावं.

काल वखारवाल्यांची म्हातारी आई एकटीच काठी टेकत आली. कुणी काही विचारलं नाही. कातडं शिवणाऱ्या बायकांत बसली, सुई ओवून द्या म्हणाली, डोळ्यांनी दिसत नाही म्हणाली.

सुईणबाईंनी तुझ्याबद्दल सगळं ऐकलं, मी सांगितलं म्हणून नाही, यांनी पत्र वाचलं तेव्हा त्या दारातच होत्या. त्यांना एवढंच जाणून घ्यायचंय की तुला अजून ओलं कातडं ताणता येतं का. मी म्हटलं, हात मऊ पडले असतील, दोन दिवसांत सोलून निघतील.

ये. जुने कपडे आण. तुझ्यासाठी पुढची जागा कुणी राखून ठेवणार नाही, मागचीही नाही. जो आधी येतो तो हवं तिथे बसतो. लवकर नीघ.

तुझी,
छोटी